सोबतच्या पाहुणीबद्दल तक्रार

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! सहा तासांच्या प्रवासात खारू दोनदा ओकली, त्यातली एक ओकारी माझ्या चपलेवर. पण तळ्याच्या वळणावर पांढरी इमारत दिसली आणि बाईसाहेब टुणकन उठून बसल्या. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. जिथे जाईल तिथल्या साखरेच्या पुड्या, साबणाच्या वड्या, बाटल्यांची झाकणं खिशात कोंबून आणते, म्हणून खार, आणि लाडाने खारू.

वही नवीन आहे, तेव्हा माझीही रीतसर ओळख. मी एका मासिकात ‘लेकरासह मुक्काम’ हे सदर चालवते. तीन वर्षांत एकोणचाळीस हॉटेलं आणि रिसॉर्ट झाली, हे चाळिसावं. अहवाल घरी गेल्यावर लिहायचा, पण मुक्कामात रोज ही वही भरायची, पेन्सिलीने, आणि शेवटी ‘उणिवा’ म्हणून यादी करायची. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी आधी नळ सोडून बघशील. बघेनच. गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते कळायला नको?

इथल्या मॅनेजरबाई भलत्याच गोड आहेत. करडा कोट, आवाज मऊ, आणि बोलताना मुलांच्या उंचीला वाकतात. मला फॉर्म दिला आणि खारूला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं कार्ड, सोबत रंगीत खडू. खारू तिथेच फरशीवर पालथी पडली आणि जीभ बाहेर काढून लिहू लागली. मी तोवर जिन्याच्या कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर मोजत होते (मुलाचं डोकं अडकणार नाही, शाबास). मध्येच एकदा वर बघितलं तर तिचे केस पुढे पडले होते आणि कार्डावर हात आडवा धरला होता, जशी काही परीक्षाच चालू आहे. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, थेट बाईंच्या हातात दिलं. बाई म्हणाल्या, इथे प्रत्येक तक्रारीची दखल घेतली जाते. हे मी चाळीस ठिकाणी ऐकलंय.

खोली दोनशे चौदा. तळ्याकडे खिडकी, पलंग ऐसपैस, लाकडाचा वास नवा.

उणिवा: १. न्हाणीघरातला हूक माझ्याच हाताला जेमतेम लागतो. पोराने टॉवेल कुठे टांगायचा? २. पडद्यांच्या मध्ये बोटभर फट. म्हणजे पाचला उजेड, आणि पाचला खारू.

४ मार्च, मंगळवार

मानलं! सकाळी आम्ही नाश्त्याला गेलो तेवढ्यात हूक खाली आला. बरोबर खारूच्या नाकाशी. वर भिंतीच्या फरशीवर जुनं भोक नाही, खूण नाही, जणू तिथे कधी काही नव्हतंच. पडदेही एकमेकांवर चढून बसले आहेत. साफसफाईच्या मावशींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. मी कुणाला काही बोलल्याचं आठवत नाही, पण मला स्वतःशी पुटपुटायची खोड आहे. कुणीतरी ऐकलं असेल.

दिवसभर पाण्यात. खारूच्या प्रश्नांना ऊत आलाय. माशांना घाम येतो का? तळं रात्री कुणी झाकून ठेवतं का? आधीच्या पाहुण्यांची झोप गादीत उरते का? मी हं हं करत उथळ पाण्याची खोली मोजली.

उणिवा: १. खिडकीखालचं कारंजं. सतत धार. ऐकून ऐकून मोठ्या माणसालाही शू लागेल.

५ मार्च, बुधवार

कारंजं चालू आहे, पण आवाज नाही. खाली जाऊन बघितलं. पाणी वर जातं, खाली पडतं, हात घातला तर भिजतो. पण आवाज नाही. आणि वही काल दिवसभर माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर.

याचा विचार करायला आज वेळ होता कुठे? खारूने नुसता उच्छाद मांडला. कालच्या टिपणांवर दूध सांडलं, मग टिपणं फाटली, मग मी ओरडले, मग ती रडली, आणि आजूबाजूची शहाण्या मुलांची आईबापं आमच्याकडे बघत राहिली. शेवटी मीच हसले. तर आता संपादकांची क्षमा मागून:

उणिवा: इमारतीत एकही नाही. सोबतच्या पाहुणीबद्दल मात्र तक्रार आहे. १. झोपेत लाथा मारते. माझ्या बरगड्यांचा फुटबॉल झालाय. २. एक कप दुधाला चाळीस मिनिटं. ३. नाश्त्यापासून जेवणापर्यंत प्रश्न एकसष्ट. मोजले. ४. हलणारा दात जिभेने टकटक वाजवते. ५. मी लिहायला बसले की माझ्या कोपराखाली डोकं घालते आणि काहीतरी गुणगुणत राहते. कारवाई व्हावी, ही विनंती.

६ मार्च, गुरुवार

सकाळी आठला आपोआप जाग आली! एकही लाथ नाही. खारू शेजारी सरळ झोपली होती, हात छातीवर, पांघरुणाला सुरकुती नाही. उठली, दूध मागितलं, प्यायली, ओठ पुसले. जेवणापर्यंत एक प्रश्न नाही. मी सलग चार पानं लिहिली. कालच्या ओरडण्याचा परिणाम झाला म्हणायचा. जरा वाईट वाटलं, पण खरं सांगते, सुखही वाटलं.

नवऱ्याचा फोन आला. खारूने त्याची विचारपूस केली. तो म्हणाला, पोरीला काय खाऊ घातलंस?

संध्याकाळी तिचा फ्रॉक धुवायला घेतला. नेहमीप्रमाणे आधी खिसे उलटे केले.

काहीच नव्हतं. साखरेची एक पुडीसुद्धा नाही.

उणिवा: आज नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

दात घट्ट आहे.

परवा तो एका धाग्यावर लोंबत होता. आज मी बोटाने हलवून बघितला, दगडासारखा पक्का. तिने तोंड उघडलं आणि मी सांगेपर्यंत उघडंच ठेवलं.

मी लिहिते तेव्हा ती समोर बसते. हातभर लांब, हात मांडीवर. मी म्हटलं, खारू, ये ना इकडे, घाल डोकं कोपराखाली. ती म्हणाली, “नको आई. तुला त्रास होईल.”

मी परवाचं पान उघडलं. पाच तक्रारी. पाचही दूर झाल्यात.

८ मार्च, शनिवार

मॅनेजरबाईंना गाठलं. आधी नीट बोलले, मग सगळ्यांसमोर आवाज चढला. सांगितलं, ती थट्टा होती, थट्टा कळत नाही का तुम्हाला? तक्रार मागे घेते. त्या वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, तक्रार मागे घ्यायची सोय इथे नाही. नवी करता येते. मी विचारलं, माझी मुलगी कुठे आहे? त्यांनी खुर्चीकडे हात केला. खुर्चीतून आवाज आला, “आई, मी इथे आहे.” अगदी खारूचाच आवाज.

नवऱ्याला फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. तो तिच्याशी पाच मिनिटं बोलला आणि मग मला म्हणाला, तू दमली आहेस, झोप काढ, ती किती समजूतदार झाली आहे. समजूतदार! सात वर्षांची!

गाडी दाराशी आहे. फाटक उघडं आहे. कुणी अडवत नाही, आणि तीच तर गोम आहे. कुणाला घेऊन जाऊ? हिला घेऊन गेले तर माझी इथे राहील. ती कुठेही असली तरी इथेच आहे. तिच्याशिवाय मी या फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही.

नवी तक्रार करता येते ना? मग घ्या.

उणिवा: १. मुलगी लाथा मारत नाही. २. प्रश्न विचारत नाही. ३. दात हलत नाहीत. ४. कोपराखाली येत नाही.

९ मार्च, रविवार

रात्रभर लाथा. एकाच जागी, एकाच जोराने, घड्याळाच्या ठोक्यासारख्या. बरगडी काळीनिळी झालीय.

सकाळपासून प्रश्न. माशांना घाम येतो का? तळं रात्री कुणी झाकून ठेवतं का? आधीच्या पाहुण्यांची झोप गादीत उरते का? पुन्हा माशांना. पुन्हा तळं. मोजले. एकसष्ट झाले आणि थांबली. उत्तराची वाटसुद्धा बघत नाही.

दात हलतात. सगळे. वरचे, खालचे, सगळेच्या सगळे. हसली की दिसतात हलताना.

आता तिचं डोकं माझ्या कोपराखाली आहे. गार आहे. गुणगुणते आहे, पण त्याला चाल नाही, नुसता एकच सूर.

कळलं. यांच्याकडे माझी मुलगी नाही. यांच्याकडे फक्त मी लिहिलेलं आहे. वहीत जेवढी आली तेवढीच ती यांना ठाऊक आहे. मग मी सगळी लिहीन. नखापासून केसापर्यंत. अख्खी लिहिली तर अख्खी परत मिळेल.

१० मार्च, सोमवार

पहाटेपासून लिहिते आहे. मागची सहा पानं तीच आहे. गुडघ्यावरचा व्रण. करंगळी वाकडी. आंघोळीच्या साबणाला ती दगड म्हणते. घाबरली की माझ्या बांगडीत बोट अडकवते. पुढे —

पुढे काय?

काय गुणगुणायची ती? माझ्या हाताखाली, रोज, तीन वर्षं. मी पडद्यांबद्दल लिहीत होते. बाराव्या हॉटेलच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, तिसरी निसरडी, हे पाठ आहे. आणि ती काय गुणगुणायची ते मला माहीत नाही.

तिच्या कानामागे तीळ आहे. मी पापी घ्यायचे त्याची. डाव्या. नाही, उजव्या? फोनमधले फोटो चाळले. नळ. पलंग. तलाव. पुन्हा नळ. ती कुठे आहे? कडेला, अर्धी, पाठमोरी, केस मोकळे. शेकडो फोटो आणि एक कान दिसत नाही. नवऱ्याला विचारलं. तो चिडला. तूच आंघोळ घालतेस ना, तुला माहीत असणार.

मला माहीत असणार.

कुठला ते ठरवता येईना, तर तसंच लिहिलं. एका कानामागे तीळ, डाव्या किंवा उजव्या.

११ मार्च, मंगळवार

दोन्ही.

तिने स्वतःच केस वर करून दाखवले. दोन तीळ, अगदी सारखे, मोजून लावल्यासारखे. आणि विचारलं, “आता बरोबर आहे का?”

मी बाहेर येऊन त्या मुक्या कारंज्याशी बसले. देवा, मी काय आई आहे? चाळीस ठिकाणचे हूक माझ्या लक्षात आहेत.

आता चुकीचं एक अक्षरही लिहायचं नाही. जे पक्कं आठवेल तेवढंच.

१२ मार्च, बुधवार

मॅनेजरबाई खोलीवर आल्या होत्या. माफी मागितली. म्हणाल्या, छोट्या पाहुणीची एक तक्रार पहिल्या दिवसापासून राहून गेली, तुमच्या एकामागून एक येत होत्या ना. आज तिची दखल घेतली जाईल. मग एक कार्ड टेबलावर ठेवून गेल्या.

खारूचं अक्षर. खरं, तिचंच, वेडंवाकडं, ‘ई’ उलटी. कडेला साखरेचे दोन कण चिकटलेत. ‘तुला काय आवडलं नाही?’ खाली रडका चेहरा, लाल खडूने गिरवून गिरवून फाटलेला. आणि त्याखाली:

आई सारखी लिहिते. मी बोलते तेव्हा पण लिहिते.

दुपार

पेन्सिल धरवत नाही. अंगठा आणि बोट जुळत नाहीत. दुखत नाही, नुसते जुळत नाहीत. मुठीत धरून लिहिते आहे —

ती समोर बसली आहे. हात मांडीवर. माझ्या हाताकडे बघते. वाट बघते.

खारू, ठेवते गं. ठेवते खाली. बघते तुझ्याकडे. पण आधी एवढं — तुला परत आणायला एवढंच आहे माझ्याकडे —

अक्षर मोठं होतंय. ओळ राहत नाही.

आठवलं. आठवलं! त्या दिवशी ती फरशीवर हेच कार्ड लिहीत होती. मी कठडा मोजत होते. एकदाच वर बघितलं. केस पुढे पडले होते. कान उघडा होता. तीळ दिसला होता, मी बघितला होता, दाराकडचा कान — दार माझ्या — खारू, मी बघितला होता गं — म्हणजे तीळ तिच्या