गेथिन स्टूल

मर्थर, ४ फेब्रुवारी १९९१

चि. इड्रिस यास ओल्वेनचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. थंडी फार आहे, पण कोळसा भरलेला आहे. वाचनालयातल्या बाईंनी समुद्रप्रवासाचं जाडजूड पुस्तक दिलंय. घर न सोडता मी सध्या केप हॉर्नपाशी आहे.

टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. जुन्या बॉक्सिंग लढतींच्या कार्यक्रमात गेथिनची शेवटची, कार्डिफची लढत दाखवणार आहेत, आणि तिच्यावर बोलणार तू. तेहतीस वर्षांपूर्वीही तूच होतास. सातव्या फेरीची घंटा झाली, तो स्टुलावरून उठला नाही, आणि तू म्हणालास, पाय धड आहेत, काळीजच बसलंय. ती तुझी पहिली मोठी कॉमेंट्री.

तू लंडनला, म्हणून तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्याकडे पाववाला डाय तो डाय ब्रेड, तसा माझा नवरा मरेपर्यंत गेथिन स्टूल. तो क्लबात शिरला की कुणीतरी खुर्ची पुढे सरकवायचं, बस बाबा, तुला सवय आहे म्हणायचं. तोही हसायचा. घरी येऊन जेवायचा नाही.

त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं तूच त्याच्याकडून पाठ करून घेतलीस, म्हणून तो तपासणीत पास झाला. हे फुटलं तर तुझी नवी नोकरी जाईल म्हणून तो गप्प राहिला. आता त्याला जाऊन दोन वर्षं झाली. एवढंच म्हण, की त्याला दिसत नव्हतं. तुझं नाव काढू नकोस.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
ओल्वेन

लंडन, ११ फेब्रुवारी

ति. ओल्वेनताईस सा. न. वि. वि.

आधी केप हॉर्नहून परत ये, तिथे तुला चहा कोण देणार? तुझं पत्र दोनदा वाचलं. खुर्चीचं खरंच माहीत नव्हतं. काळजी करू नकोस, डोळ्याचं मी सांगतो. गेथिननं माझ्यासाठी केलं ते सख्ख्या भावानं केलं नसतं. दोन मार्चला शनिवारी कार्यक्रम आहे, शेजाऱ्यांना बोलावून बघ.

धाकट्यावर माया असू द्यावी.

तुझा,
इड्रिस

मर्थर, ४ मार्च

चि. इड्रिस यास आशीर्वाद.

तू म्हणालास म्हणून बोलावलं. अकरा माणसं होती, तव्यावरचे मनुकांचे केक केले होते. गेथिन स्टुलावर बसलेला दिसला आणि तू हसत म्हणालास, त्याच्या गावातच त्याला गेथिन स्टूल म्हणतात. तुझ्या शेजारचा इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. माझ्या घरात कुणी हसलं नाही. शेजारची ब्लॉडवेन रिकाम्या कपात चमचा ढवळत राहिली.

ते नाव तुला मी सांगितलं होतं, घरच्या माणसाला सांगावं तसं. परवापर्यंत ते चार गल्ल्यांत होतं. डोळ्याबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस.

काय झालं ते लिही.

ओल्वेन

लंडन, ८ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझा राग बरोबर आहे. मी डोळ्याचं बोललो होतो गं, पण वेळ कमी पडला की ही माणसं कात्री चालवतात. मला कोण विचारतं? त्या नावाची गंमत तेवढी त्यांना आवडली, तीच ठेवली.

एक विनंती. तक्त्याचं कुणाकडे बोलू नकोस. जूनमध्ये मी निवृत्त होतोय, माझ्या सत्काराचं जेवण आहे. तूही ये, पहिल्या टेबलावर बसवतो. ईस्टरला तुझ्याकडे येईनच.

राग उतरला की दोन ओळी पाठव.

तुझा,
इड्रिस

मर्थर, १३ मार्च

इड्रिस यास,

मी शाळेत फार शिकले नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. माझ्या नवऱ्यावर बोलता बोलता तू मध्येच त्या संध्याकाळी नुकत्याच संपलेल्या लढतीचा निकाल सांगितलास. कार्यक्रम थेट चालू होता. कात्री कुठून आली?

काल मी क्लबात गेले, पुरुष बसतात त्या बाजूला. एकानं सवयीनं खुर्ची पुढे केली. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. आधी माझं नाव घेतलं, कारण ती अक्षरं लिहिलेला कागद स्वयंपाकघरात धरून मीच उभी राहायचे. त्याला समोरचं दिसत नाही हे कळत असून मी त्याला रिंगमध्ये जाऊ दिलं. मग तुझं नाव घेतलं.

कुणीतरी विचारलं, मग गेथिन इतकी वर्षं बोलला का नाही. मी म्हटलं, त्याला मेहुणा होता.

जेवणाला मी येणार नाही. ईस्टरला तू येऊ नकोस असं म्हणत नाही, माझ्या आईचा मुलगा आहेस. पण मागच्या गल्लीनं येऊ नकोस. क्लबासमोरून चालत ये.

ओल्वेन