गंजावरची आडवी पळी

आई, तुझ्या पळीचं आज ऑफिसात काम पडलं, म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आधी ऑफिसच समजावून सांगावं लागेल. बालाघाटला आमची एक छोटी संस्था आहे. सिकलसेल असलेल्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं. त्यांच्यासाठी आम्ही रक्तदाते शोधतो, फोन करतो, दवाखान्यात आणून बसवतो. काम सगळ्यांचं मिळून, म्हणजे आपल्या किरनापूरच्या स्वयंपाकघरासारखंच. तिथं तू होतीस, दोन्ही काकू होत्या आणि चूल एक.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्या मोठ्या पातेल्यातून, आपल्या गंजातून, शेतावर नेलेलं ते वरण आठवतं का तुला? तू मीठ टाकलंस, मोठ्या काकूला वाटलं राहिलं, म्हणून तिनं टाकलं, आणि धाकटीनं जाता जाता आणखी एक मूठ. शेताच्या धुऱ्यावर जेवायला बसलेल्या बायांनी पहिला घास घेतला आणि एकीनं शांतपणे विचारलं, "बाई, मिठाचं पोतं गंजातच फाटलं का?" सगळ्या जणी चटणी-भात खाऊन पुन्हा चिखलात उतरल्या. तुला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला. मीठ टाकलं की पळी गंजावर आडवी ठेवायची, आणि पळी खिळ्यावर दिसली तर वरण अळणी समजायचं. एकदा मी मीठ टाकलं, काकूला तोंडी सांगितलं आणि पळी टांगून खेळायला पळाले. तू मला अंगणातून परत बोलावलंस, हात ओले, कपाळावर आठी. "तुनं काकीले सांगतलं, अन् काकी गेली पानी भराले. आता मी कोनाले इचारू? पळी ठेवली असती त मले दिसली असती." एवढ्याशा गोष्टीसाठी केवढं बोलते, असं वाटून मी संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते.

आमच्या ऑफिसात पळीच नव्हती. रक्तदात्यांची एक्सेल शीट होती, आणि ती ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर वेगळी. व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे फिरायची. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवी', तिसरीचं 'हीच फायनल'. गेल्या उन्हाळ्यात लामत्याहून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या रक्तगटाच्या दात्यापुढची जागा माझ्या शीटमध्ये रिकामी होती. मला वाटलं, आमच्या हिशेबनीस दादांनी फोन केला असेल. दादांना वाटलं, ऑफिसातल्या नव्या मुलीनं केला असेल. तिच्या शीटमध्ये तो दाताच नव्हता. फोन कुणीच केला नव्हता, आणि हे आम्हाला कळलं तेव्हा दुपार कलली होती. तो बाप रागावला नाही, मुलीला घेऊन आमच्या बाकावर बसून राहिला. मी समोरून गेले की फक्त विचारायचा, "मैडम, हम यहीं बैठें ना?" शेवटी दादांच्या भावानं येऊन रक्त दिलं आणि मुलगी सावरली. पण त्या बाकाकडे बघायची मला किती तरी दिवस भीती वाटत होती.

मग मी हट्टानं ऑनलाइन डेटाबेस लावून घेतला. तुला समजेल असं सांगायचं तर आता गंज एकच, तो सगळ्यांच्या समोर, आणि एकानं काही टाकलं की बाकीच्यांना त्याच क्षणी दिसतं. दादा कुरकुरले. "म्हंजे मी काय करून राह्यलो, ते सगळ्यायले दिसन?"

"हौ दादा, अन् आमचं तुमाले दिसन."

तरी त्यांनी आपली जुनी शीट 'सेफ्टीसाठी' लपवून ठेवली होतीच. मी एकदा पकडलं तेव्हा आमची चांगलीच जुंपली. पुढे कधी तरी त्यांनी ती आपणहून पुसून टाकली, मला सांगितलंही नाही. जो फोन करायला घेईल त्याचं नाव लगेच दिसावं, असा एक रकाना मी केला होता. नव्या मुलीनं विचारलं, याला नाव काय देऊ? मी 'पळी' असं टाइप केलं.

आज लामत्याच्या त्याच पोरीला रक्त चढवायचं होतं. बापानं बसमधून फोन केला, मी धसकून स्क्रीन उघडली, तर तिच्या ओळीत दादांची पळी पडलेली. बाप-लेक पोचले तेव्हा दाता रक्त देऊन चहा पीत होता. रक्त चढवून झाल्यावर संध्याकाळच्या गाडीनं परत निघताना बाप दारातून म्हणाला, "आज बैठना नहीं पड़ा, मैडम." मुलीनं आमच्या टेबलावरची बिस्किटं खिशात भरून नेली.

तर आता ऑफिसात दिवसभर "दादा, पळी रखी क्या?" असं चालू असतं. हिंदीत शिकलेल्या नव्या मुलीनं आज मला विचारलं, पळी म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा शब्द आहे. हे पत्र ड्राफ्टमध्येच राहणार, म्हणून तुला सांगते, तुझं नाव सांगायला तोंड उघडलं असतं तर मी तिथंच रडले असते, आणि ते सगळ्यांना दिसलं असतं.