आमच्या टीव्हीवर तासिओ कसा वाचला

हारो, इलोइलो

तीर्थरूप मानोंग फिदेल यांस,

धाकट्या भावाचा, आन्सेल्मोचा नमस्कार. तुमचा हात कपाळाला लावायचा तर मध्ये समुद्र आहे, तेव्हा लावला असं समजून आशीर्वाद बाकोलोदहूनच द्यावा. पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? डुकराचं मांस डॉक्टरांनी बंद केलंय की वहिनींनी, हे वेगळं कळवावं (डॉक्टरांनी केलं असेल तर इकडे आल्यावर काही मार्ग काढता येईल). आमच्याकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन सोडून सर्व.

त्याचं झालं असं. आमची ही, पेर्पेतुआ, रेडिओसाठी मालिका लिहिते ती ज्या लॅपटॉपवर, तो हल्ली भाताच्या गिरणीसारखा घरघरायला लागला होता. ही बहिणीकडे गिम्बालला गेली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, येईपर्यंत आतून लखलखीत करून ठेवू. जमीन मोजणी खात्यात मी मोजणीच्या दुर्बिणी खोलून पुसलेल्या आहेत, तिथे हा एवढासा डबा तो काय. (त्यातल्या एका दुर्बिणीने नंतर एक शाळा नदीत दाखवली म्हणतात, पण ते खात्याचं राजकारण.) आधी व्हिडिओ पाहिले. त्यांतले सगळे कारागीर तरुण होते आणि कुठेतरी जायची घाई असल्यासारखे बोलत होते, म्हणून मी आवाज बंद करून नुसते हात पाहिले. मग मागचं झाकण काढलं. आत मुंग्यांची वसाहत, आणि पंख्याशेजारी पालीचं अंडं. अंडं मी अलगद उचलून कुंडीत ठेवलं, मुंग्यांना ब्रशने वाट दाखवली, पंखा काढून झटकला, मेमरीची पट्टी खोडरबराने घासली आणि जे जिथून काढलं ते तिथे परत बसवलं. एकही स्क्रू उरला नाही (एक उरला, पण तो आमच्या टेबलफॅनचा असावा).

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, तोही इतका शांत की मला स्वतःचं कौतुक वाटलं. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. मी पाच-दहा मिनिटं आदराने वाट पाहिली. मग बॅटरी काढून घातली, बटण बोट दुखेपर्यंत दाबून धरलं, मेमरीची पट्टी पुन्हा काढून बसवली. स्क्रीनवर टॉर्च तिरका मारून आत काही हलतंय का पाहिलं, तर माझंच तोंड दिसलं, आणि तेही फार काही बरं दिसत नव्हतं. आमच्या सासूबाई हे सगळं आरामखुर्चीतून बघत होत्या. त्या बघतात तेव्हा माणसाच्या हातून स्क्रू सुटतात. (तुम्हाला आठवत असेल, माझ्या लग्नात त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेताना माझ्याकडे असंच बघितलं होतं.) "आन्सेल्मो," त्या म्हणाल्या, "भाग उद्या रेडिओवर द्यायचाय. तो त्याच्यात आहे ना?" तो त्याच्यातच होता.

कीबोर्डवरचा मोठ्या अक्षरांचा दिवा मात्र दाबला की लागत होता, विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत आहे, फक्त बोलत नाही. मग एका व्हिडिओतलं आठवलं, आणि बैठकीतल्या टीव्हीची वायर काढून लॅपटॉपला जोडली. टीव्हीवर चित्र आलं, आणि फाइल उघडताच हिचा भाग उमटला, अक्षरं पपईएवढी. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या दुकानातल्या सिस्काबाईला हाक मारली. ही चूक झाली. सिस्काबाई दुकान उघडं टाकून आली, तिच्यामागे दुकानातली गिऱ्हाइकं आली, आणि सगळे बसून वाचायला लागले.

मालिकेतला तासिओ तुम्हीही ऐकता. घरातली प्रत्येक वस्तू खोलणारा, बायकोचं डोकं खाणारा. मला तो पहिल्यापासून आवडायचा, कुठेतरी भेटल्यासारखा वाटायचा. तर या भागात तासिओ पंखा दुरुस्त करताना विजेचा धक्का बसून मरतो. त्याच्या उशाशी दुधाच्या डब्यात उरलेले स्क्रू सापडतात. मी वळून आमच्या कपाटावरच्या, माझ्या उरलेल्या स्क्रूंच्या दुधाच्या डब्याकडे पाहिलं, तेव्हा खोलीतले सगळे आधीच तिकडे बघत होते. मानोंग, तासिओ कोण ते सगळ्या हारोला ठाऊक होतं, एकट्या मला सोडून.

नेमकी त्याच वेळी ही दारात. हातात सुक्या मासळीची पिशवी, नजर टीव्हीवर. मला वाटलं, आता तासिओच्या शेजारी माझीही जागा. पण तिने तोंड उघडायच्या आत सिस्काबाई तिच्यावर घसरली. "तासिओला मारतेस काय? मग आम्ही ऐकायचं कोणाला, त्या रडक्या डॉक्टरला?"

"कंटाळा आला मला त्याचा," ही म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. "मरू कसा देशील? छपराचं कोण बघणार? गळायला लागलं की त्याच्याशिवाय चढतं का कोणी?" त्या तासिओबद्दल बोलत होत्या. पण तासिओच्या घराला, मी एकही भाग चुकवलेला नाही म्हणून सांगतो, सिमेंटची गच्ची आहे; गळके पत्रे आहेत ते आमच्या घराला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि धुतलेला तांदूळ पुन्हा धुतला.

बाहेर आलो तर ही पिशवी मांडीवर घेऊन कीबोर्डशी बसली होती आणि सगळे मागून सुचवत होते. तासिओला नुसता झटका बसला, भुवया जळल्या. ही हसत होती. इतक्या वर्षांत लिहिताना तिला मी हसताना पाहिलेलं नव्हतं. भाग वेळेवर पोचला, आणि त्या रात्रीच्या मासळीचा मधला तुकडा माझ्या ताटात होता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
आन्सेल्मो

ता.क. वरचं लिहून झाल्यावर स्क्रीन का लागत नव्हती ते सापडलं. बिजागरीजवळची तिची वायर जोडायची राहिली होती. मी ती जोडली, स्क्रीन लागली. ही म्हणाली, छान झालं, पण आता मी टीव्हीवरच लिहिणार, डोळ्यांना बरं पडतं आणि माणसं जवळ असतात.

ता.ता.क. त्यामुळे सासूबाईंच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांची पंचाईत झाली आहे. तुमच्या मागच्या खोलीतला टीव्ही कोणी बघत नाही असं ऐकतो. फेरीबोटीवर चढवून दिलात तर धक्क्यावर मी हजर राहीन.

ता.ता.ता.क. हे पत्रही टीव्हीवरच लिहितो आहे. सासूबाई चर्चहून कधी आल्या आणि किती वेळ मागे उभ्या आहेत, कळलं नाही. त्या लिहायला सांगतात की केकचा तो पहिलाच तुकडा होता, आणि टीव्ही हवाय एवढं विचारायला इतकं पुराण कशाला लावलं.