अठ्ठावीस कोअरचा बाप

३ नोव्हेंबर
रोजनिशी पुन्हा सुरू. कारण तसंच आहे. माझी मुलगी श्रुतिका हिच्या कॉलेजच्या गेमिंग टीमची निवड सोळा तारखेला. मॅच घरूनच खेळायची. आमचा कॉम्प्युटर दम टाकतो. तिने नवा डेस्कटॉप प्रोसेसर पसंत करून ठेवलाय. आठ कोअरचा, म्हणजे आत आठ कामगार. मी म्हटलं, बघतो. मी ‘बघतो’ म्हटलं की घरात शांतता पसरते. विश्वास असला की असं होतं.

४ नोव्हेंबर
अभ्यास केला. प्रोसेसरच्या दोन जाती. डेस्कटॉपचा घरगुती. सर्व्हरचा बँका, हॉस्पिटलं वगैरेंसाठी; वर्षानुवर्षं बंद न होता चालतो. मरोळला एका गाळ्यात ऑफिसांतून निघालेले सर्व्हर मिळतात. एका बोर्डावर दोन प्रोसेसर, चौदा अधिक चौदा. अठ्ठावीस कोअर. आणि आठवाल्यापेक्षा स्वस्त. लोकांना हे का सुचत नाही?

वरच्या मजल्यावरचा सुबोध ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये आहे. जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, गेमला गर्दी नको, वेग हवा. नव्या आठांतला एकेक या अठ्ठाविसांतल्या एकेकापेक्षा खूप फास्ट आहे.” मी विचारलं, पंगतीत आठ वाढपी बरे की अठ्ठावीस? तो म्हणाला, “आणि जेवायला दोनच जण असले तर?”
असल्या नकारात्मक माणसांना नोकरीवर ठेवतात कसे.

८ नोव्हेंबर
रिक्षाने सर्व्हर मरोळहून मुलुंडला आणला. वाटेत मांडीवर धरला होता. जुना कॉम्प्युटर ताबडतोब मालाडला, माझी बहीण सुगंधा हिच्याकडे पाठवून दिला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड तेवढं काढून घेतलं. मागे वळून बघायचं नाही.
श्रुतिकाने विचारलं, “बाबा, हा कुठल्या साली बनलाय?” मी म्हटलं, सर्व्हरचं वय बघत नाहीत, अनुभव बघतात.
बोर्ड नेहमीच्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. सध्या शिलाई मशीनवर उघडाच ठेवलाय. हवा खेळती राहते.

१० नोव्हेंबर
सुरू झाला. पंख्यांचा आवाज भरदार आहे. रेवतीने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, मिक्सर तुम्ही लावलात का?
चालू व्हायला वेळ घेतो. आधी स्वतःची मेमरी तपासतो. जबाबदार आहे. हेडफोनची पिन घालायला जागाच नाही. बरोबर आहे, बँकेत गाणी कोण ऐकतं. त्यासाठी वेगळी यूएसबीची काडी आणली.
मल्टिटास्किंगची चाचणी: रेवतीचा जीएसटीचा हिशेब, माझी क्रिकेट मॅच, व्हायरस स्कॅन आणि सुगंधाच्या लग्नाच्या व्हिडिओचं कन्व्हर्जन, सगळं एकदम. काही अडकलं नाही. रेवती म्हणाली, “छान आहे. पण आपण हे सगळं एकदम कधी करतो?”
करू आता.

१३ नोव्हेंबर
श्रुतिकाची प्रॅक्टिस. ती सहावीत असल्यापासून तिच्या गेमच्या वेळी मी शेजारच्या स्टुलावर बसतो. पाण्याची बाटली माझ्याकडे. कोण डावीकडून येतोय ते मी सांगतो. तिला त्याचा उपयोग होतो.
आज ती म्हणाली, शत्रू लांब दिसतो, मग एकदम मी मेलेली असते, मधलं काही दिसतच नाही. मी प्रोसेसरचा वापर बघितला. फक्त नऊ टक्के. म्हणजे त्याने अजून जोरच लावलेला नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, उरलेले कोअर गेमला वापरताच येत नाहीत. ते नुसते बसून आहेत.” मी म्हटलं, राखीव आहेत.
तिने विचारलं, तो आठवाला अजून घेता येईल का? रविवारपर्यंत धीर धर म्हटलं. घाबरली आहे बिचारी.

१६ नोव्हेंबर, रविवार
मॅच. पहिला राउंड चित्र थांबत थांबत गेला. हेडफोनमधून टीमची मुलं ओरडत होती, मला स्टुलावर ऐकू येत होतं. राउंड संपल्यावर श्रुतिकाने माउस आणि कीबोर्ड काढून पिशवीत घातले. मी म्हटलं, थांब, रिस्टार्ट करतो. “बाबा, हा उठेपर्यंत मॅच संपेल.” रेवती तिला स्कूटरवर बसवून मागच्या गल्लीत, तिच्या टीममधल्या अक्षताच्या घरी घेऊन गेली. मी घरीच थांबलो. मशीन नीट बंद करायला कोणीतरी हवं.
संध्याकाळी रेवतीचा फोन. झाली निवड. मी विचारलं, मशीनबद्दल काही म्हणाली का? रेवती म्हणाली, “आधी तिचं अभिनंदन करा.”
केलं. बाटली माझ्याकडेच राहिली होती.

१९ नोव्हेंबर
श्रुतिकाला म्हटलं, तुझा तो आठ कोअरचा घेऊन टाकू. ती म्हणाली, “राहू दे आता, बाबा. टीम अक्षताकडेच बसते. तिथे सगळं सेट आहे.”
अजिबात रागावलेली नव्हती. चांगलं लक्षण असावं.

२३ नोव्हेंबर
सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद पडलंय. सुबोधने सेक्रेटरी नंदू सावंतांना माझं मशीन सुचवलं. सोळा कॅमेरे एकदम, दिवसरात्र. म्हणाला, काका, हे खरं याचं काम. शेवटी मान्य केलं त्याने.
शिलाई मशीन मोकळं झालं. रेवतीने लगेच परकर शिवायला घेतले. सावंतांनी मला कॅमेरा-प्रमुख नेमलं. मानद. आधी हे पदच नव्हतं.

२८ नोव्हेंबर
दुपारभर सोसायटीच्या ऑफिसात. स्क्रीनवर सोळा चौकोन. पार्किंग, टाकी, लिफ्ट, गेट. झकास चाललंय.
लिफ्टच्या चौकोनात श्रुतिका आली. पाठीवर सॅक, बाहेर कीबोर्डचं टोक. आरशात केस नीट केले. मग पार्किंगमध्ये दिसली, मग गेटवर. तिथे अक्षता उभी होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. डावीकडून एक टेम्पो येत होता, तो मी सांगितला. ती आधीच थांबली होती.
मी हात केला. तिला दिसणार नव्हतंच. ही सिस्टीमची मर्यादा आहे, माझी नाही.