सिरेलीचा डावा गुडघा

तावेउनी, फिजी, ९ ऑक्टोबर

प्रिय अपोरोसा,

स. न. वि. वि. मामेभावाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणार, असं समजू नकोस. आपल्या रिवाजात न मागता न्यायचा हक्क तुझा, गावच्या भाच्याचा. नाताळात दारात उभा राहून ‘हे माझं’ म्हणालास आणि माझा फुलाफुलांचा शर्ट अंगावरून उतरवून नेलास. दुसऱ्या दिवशी बाबांचं डुक्कर. बाबा अजून हसतात.

रग्बीच्या विश्वचषकाने गाव येडं झालंय. चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावलाय. पाद्री प्रार्थनेत आधी संघातल्या आपल्या सिरेलीचं नाव घेतात, मग आजारी माणसांचं.

आता खरं सांगतो. सिरेलीचा दुकानावर फोन आला होता. डावा गुडघा गेलाय त्याचा. सुई टोचून खेळतोय. प्रशिक्षकालाही बोलला नाही, कारण स्पर्धा संपली की फ्रान्सचा एक क्लब त्याला घेणार आहे. फक्त मला, मोठ्या भावाला सांगितलं. तुला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तू दर वेळी फिजीवर अख्खा पगार लावतोस आणि मग महिनाभर कोरडा पाव चावतोस. उपांत्यपूर्व सामन्यात लावू नकोस. आणि हे पोटात ठेव.

लोभ आहेच, तो शर्टापुरता ठेवू नकोस.
कितिओने

सिडनी, २७ ऑक्टोबर

प्रिय कितिओने,

स. न. वि. वि. हरलो रे. अख्खा बार रडला. मीही रडलो, पण एकाच डोळ्याने. तुझं ऐकलं, आपल्यावर नाही लावलं. समोरच्यांवर लावलं! बारमधल्या दोस्तांच्याही कानात सांगितलं, आता सगळे मला देव मानतात.

मामाच्या होडीला इंजिन पाठवलंय. वल्ही मारून खांदे गेले म्हाताऱ्याचे. तू तोंड पाडशील, माहितेय. पण शर्ट नेला, डुक्कर नेलं, तशी एक बातमी नेली. भाच्याला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?

सिरेलीला सांग, पोरा, बरा हो. मामाला नमस्कार. असाच जीव लाव.
तुझा अपोरोसा

तावेउनी, १२ नोव्हेंबर

अपोरोसा,

नमस्कार. इंजिन आधी आलं, पत्र मागच्या बोटीने. बाबांनी इंजिन सगळ्या गावासमोर रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून, मानाच्या पेयाचा, कावाचा, कटोरा पिऊन स्वीकारलं. म्हणाले, भाचा असावा तर असा. पत्र आलं तेव्हा म्हणाले, मोठ्याने वाच. मी वाचलं. त्यांनी ऐकलं आणि वल्हं उचलून समुद्रावर गेले.

सामन्यात पहिल्या मिनिटापासून समोरचे सिरेलीच्या डाव्या गुडघ्यावरच येत होते. मला वाटलं, योगायोग. तुझ्या बारमध्ये किती कान होते आणि ते कुठवर गेले, मला ठाऊक नाही. तुलाही नसेल. सिरेलीचं ऑपरेशन झालं. क्लबने नाही म्हटलं. त्याचा फोन आला, त्याने एकच विचारलं: “दादा, कुणाला सांगितलंस?”

तुझं नाव घ्यायची लाज वाटली. मी म्हटलं, मीच बोललो. त्याने फोन ठेवला. त्यानंतर फोन आला नाही.

तू हक्क सांगतोस. भाचा नेतो ते दारात उभा राहून, मालकाच्या तोंडावर, आणि मालक हसतो म्हणून ते नेणं असतं. सिरेलीसमोर उभा राहून ‘तुझा गुडघा माझा’ म्हणाला असतास?

इंजिन खोक्यासकट धक्क्यावर ठेवलंय. सोमवारच्या बोटीने निघेल. डुक्कर खाल्लंस ते खाल्लंस. शर्टही ठेव.

नाताळात येशीलच, तुझ्या आईचं गाव आहे, कोण अडवणार? काही हवं असलं तर मात्र विचारून घे. परकी माणसं घेतात तसं.

लोभ होता.
कितिओने