गोळ्या आल्या नव्हत्या

भूम, ४ एप्रिल २०२४

चि. बिरूस अ. उ. आ.

तुला पोलिसांनी धाराशिवच्या दवाखान्यात नेल्यापासनं तू माझा फोन उचलीत नाहीस, म्हणून लिहिते. मी तुझं नाव दिलं, हे त्या हवालदारानं तुला सांगितलं म्हणे. बरं झालं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना मीच सांगितलं, की भाऊ टीबीच्या गोळ्या सोडून मेंढरांमागं हिंडतोय अन् चार वर्षांच्या लेकीला कुशीत घेऊन खोकतोय. मला त्याचा पस्तावा नाही. आपले अण्णा असेच गोळ्या टाकून गेले. थोरली बहीण म्हणून मी दुसऱ्यांदा नुसती बघत बसायची का? दवाखान्यात पोटभर जेव. रागाच्या भरात पळून येऊ नकोस.

तुझी,
दैवशाला आक्का

धाराशिव, ११ एप्रिल

ती. आक्कास शि. सा. न.

तुम्ही मला एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं. म्या गोळ्या सोडल्या नव्हत्या. तीनदा मेंढरं बायकोवर, अयोध्येवर टाकून केंद्रावर गेलो. वरून गोळ्या आल्याच न्हाईत, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. चौथ्यांदा गेलो न्हाय, ते खरं. तवर कळप पार लोहाऱ्याकडं गेला होता.

हवालदारानं मला भर बाजारात धरलं. औषध अर्धवट सोडून रोग पसरवतोस, गुन्हा दाखल होईल, असं ओरडून नोटीस वाचली. बोकड घ्यायला आलेला माणूस हात धुवायला पळाला. आता डॉक्टर म्हणतात, मधी खंड पडला, साध्या गोळ्या लागू पडायच्या न्हाईत. दीड वर्ष जाईल.

तुमचा,
बिरू

भूम, २० एप्रिल

चि. बिरूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तशीच उठले अन् केंद्रावर गेले. सिस्टरनी मान खाली घातली. गोळ्या नव्हत्या, हे खरं म्हणाल्या. मग मी विचारलं, ज्यांनी गोळ्या पाठवल्या नाहीत त्यांच्या दारात हवालदार कधी जाणार? त्यांनी मला पाणी दिलं. तसा कायदा आपल्याला ठाऊक नाही, म्हणाल्या.

बिरू, मी तुला विचारायला हवं होतं. अयोध्या परवा भेटली. नोटिशीची बातमी गावोगाव गेलीय. शेतकरी रानात मेंढरं बसवू देत नाहीत. कळप विकायचं म्हणत होती. तुझ्या लेकीला, दीपालीला तपासलं, सध्या तिला काही नाही. शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

आक्का

धाराशिव, २ मे

ती. आक्कास नमस्कार.

शिव्या द्यायचं लई मनात होतं. दोनदा लिहून फाडलं.

कळप विकला. अयोध्या आता ऊसतोडीच्या टोळीत नाव घालणार. लेकीला पाचटात झोपवायला म्या मना केलं. तिला तुम्ही तुमच्याकडं ठेवून घ्या. माझं नाव तुम्ही दिलं, हे म्या अयोध्येला सांगितलं न्हाय, तुम्हीबी सांगू नका. कळलं तर ती पोर द्यायची न्हाय, अन् तुमच्याबिगर आमाला दुसरं दारच न्हाय. राग धरायचा म्हटलं तरी मला पुरता धरता येईना.

दीपालीला घरातल्या घरात घेऊन बसू नका, अंगणात खेळू द्या. बापाला काय झालंय विचारलं, तर खोटं सांगू नका.

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायला हात वळत न्हाय. तेवढा तिच्यावर ठेवा.

बिरू