बिस्किटांच्या डब्याला पाडलेली चीर

४ तारीख, सकाळी सात
सोसायटीच्या वाचनालयाच्या खिडकीखाली पेटी ठोकली. बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला चीर. वर लिहिलं, 'मुलांनो, गुन्हा पाहिलात? चिठ्ठी टाका. नाव नको.' दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावर ह्यांना स्कूटरने उडवलं आणि स्कूटर पळाली. पोरं तिथेच खेळत होती. कुणीतरी पाहिलंच असणार. नाव सांगावं लागेल म्हणून तोंडं मिटली. आता ती अडचण नाही. आठवड्यात उलगडा.

५ तारीख
रिकामी. दिवसभर खिडकीतच वाचत बसले, म्हणजे टाकणाऱ्याला धीर येईल.

८ तारीख
पहिली चिठ्ठी! 'जिन्यातले बल्ब सेक्रेटरीच काढून नेतात.' अक्षर शिंप्याच्या थोरल्याचं. वीस वर्षं वाचनालयाच्या रजिस्टरवर सह्या घेतेय, चष्माही लागला नाही. लगेच वर जाऊन त्याची पाठ थोपटली. सेक्रेटरी तिथे पँटचं माप देत होते, म्हणून मी जपून बोलले. एवढंच म्हटलं, "बल्बचं लिहिलंस ते बरं केलंस."

९ तारीख
शिंपीणबाई जिन्यात भेटल्या, बोलल्या नाहीत. घाईत असतील.

११ तारीख
दुसरी चिठ्ठी, सायकलींच्या चोरीबद्दल. माहिती चांगली, शुद्धलेखन भयंकर. लाल पेनाने सुधारून ती लिहिणाऱ्या मुलीच्या दाराखालून आत सरकवली. पोलिसांकडे जायची तर नीट जावी. तिने अजून परत टाकलेली नाही.

१४ तारीख
रिकामी. डबा उलटा करून पाहिला. एक झुरळ, तेही निनावी.

१५ तारीख
मुलीचा फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, त्यांनी नाव लिहायचं नाही आणि तू ओळखायचं नाही, असं असतं ते." म्हटलं, मी कुणाला सांगते का? "सांगत नाहीस गं. घरी जातेस."
बाबांचं आता सोड, असंही म्हणाली. मी भाजी जळतेय म्हणून फोन ठेवला. भाजी केलीच नव्हती.
संकल्प : यापुढे कुणाच्याही घरी जायचं नाही. खिडकीला पडदा.

१९ तारीख, दुपारी चार
चिठ्ठी! मासिकातली अक्षरं कापून चिकटवलेली. 'काकू, ती स्कूटर मी पाहिली. नंबर पण आठवतो. पण तुम्ही घरी याल.'
तीनदा वाचली. ह्यांच्या फोटोसमोर उभं राहून एकदा मोठ्याने वाचली.

साडेचार
अक्षरं आपल्याच वाचनालयाच्या बालमासिकातली आहेत. गुलाबी कागद. अंक कुणी नेला ते रजिस्टरमध्ये असणारच. पण रजिस्टर उघडायचं नाही. मी शब्दाची पक्की आहे.

सव्वापाच
रजिस्टर उघडलं. किती पानं उरलीत ते बघायला. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची धाकटी.

सहा
मी काही विचारणार नव्हते. 'तुला मी काहीच विचारणार नाही,' एवढंच सांगायला वर गेले. त्यांचं दार उघडं होतं, आत पोरगी गुणगुणत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी चप्पल वाजली, तसं गुणगुणणं थांबलं. दार लागलं. मग आतून कडी लागली.
वारा असेल.